रिकाम्या ताटलीचे दोनशे ग्रॅम

विज्ञानाच्या बाईंच्या घरात सून म्हणून जाऊ नकोस, असं मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. सांगणारं कुणी नव्हतंच म्हणा. माझी आई मी सहावीत असताना गेली, आणि त्याच वर्षी बाई आम्हाला विज्ञान शिकवायला आल्या. मला तर वाटायचं, एक गेली म्हणून दुसरी पाठवलीय. फक्त ही जरा जास्त ओरडते.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला कशालाही हात लावू दिला नाही. तासभर नुसते नियम. केस घट्ट बांधा. अंगावर लोंबणारं काही नको. काही चाखायचं नाही, समोर साखर ठेवलीय असं वाटलं तरी नाही. वास घ्यायचा तर बाटलीत नाक खुपसायचं नाही, हाताने थोडी हवा नाकाकडे ढकलायची. "आणि लेबल नसलेल्या बाटलीला जो हात लावेल, त्याचा हात मी ठेवणार नाही." आमची पाचावर धारण बसली. मागच्या बाकावरचा एक जण तर वर्षभर स्वतःच्या पाण्याच्या बाटलीलाही चिठ्ठी चिकटवून यायचा.

मग मोजमाप. टेबलावर एक जुना काटा होता, वर ताटली आणि खाली घड्याळासारखी तबकडी. ताटली रिकामी असतानाच त्याचा काटा दोनशे ग्रॅमवर उभा असायचा. तो शून्यावर आणायचा स्क्रू गंजून पक्का बसला होता. आम्ही हसलो. बाई म्हणाल्या, "हसू नका. हा दोनशे ग्रॅम खोटं बोलतो, पण दर वेळी तेवढंच बोलतो. म्हणून याच्यावर भरवसा ठेवता येतो. जे दिसेल त्यातून दोनशे वजा करा, संपलं."

पण वजा कुणी करायचं, त्याचाही नियम होता. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. वाचणाऱ्याने दिसेल तोच आकडा सांगायचा, लिहिणाऱ्याने तोच लिहायचा, आणि वजाबाकी सगळ्यात शेवटी, एकदाच, दोघांच्या डोळ्यांसमोर. मी वाचणारी होते. शहाणपणा करायला गेले आणि मनातल्या मनात वजाबाकी करून आकडा सांगितला. बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझी अशी हजामत केली की मधल्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. "तुला कुणी सांगितलं होतं डोकं चालवायला? डोळे चालव!"

पुढे मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि बाईंच्या मुलाशी लग्न केलं. बाईंचे यजमानही विज्ञानाचेच शिक्षक, आता निवृत्त. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही सरच म्हणते. आई-बाबा म्हणून बघितलं दोन-तीनदा, पण तोंडात बसेना. सासूला बाई आणि सासऱ्यांना सर म्हणणारी सून माझ्याशिवाय दुसरी असेल असं वाटत नाही.

लग्नानंतर पहिल्या सकाळी मी केस मोकळे सोडून स्वयंपाकघरात गेले, तर शेगडीजवळून आवाज आला, "केस!" मी जागच्या जागी अंबाडा घातला. त्या घरात प्रत्येक डब्याला लेबल. साखर, मीठ, पीठ, सगळ्यांवर तारीख. पाण्याच्या तांब्यावर 'पाणी'. नवरा म्हणायचा, जपून राहा, एक दिवस तुलाही लेबल लावतील. नवरा बाहेरगावी नोकरीला, शनिवारी येणार आणि रविवारी रात्री जाणार, त्यामुळे त्याला विनोद करायला काय जातंय! पण खरं सांगायचं तर मला ते सगळं आवडायचं. कुणीतरी डोळ्यांत तेल घालून आपल्याकडे बघतंय, हे माझ्या वाट्याला फार दिवसांनी आलं होतं.

मुलगी झाली ती चिमुकली. सरांनी तिला हातात घेतलं आणि म्हणाले, "काय ठमाबाई, कशा आहात?" हातभरही लांब नव्हती आणि नाव पडलं ठमी. ठमीला प्यायला मात्र मस्त जमायचं. पहिल्याच दिवशी तिने असं काही धरलं की दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, हिला शिकवायची गरज नाही. आणि मला दूध असं की विचारू नका. ठमी रडली की पान्हा फुटायचा. शेजारचं बाळ रडलं तरी फुटायचा. एकदा तर गल्लीत मांजर ओरडलं आणि माझा ब्लाऊज भिजला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, सर समोर बसलेले असायचे. बाई म्हणायच्या, "लाजतेस काय? शरीराची प्रतिक्रिया आहे ती. शिकवलं नव्हतं का?" त्यांनी माझ्यासाठी मऊ कापडाच्या घड्या करून एका डब्यात ठेवल्या होत्या. डब्यावर लेबल होतं, माझ्या नावाचं. आईशिवाय वाढलेल्या मुलीला त्या डब्याचं काय वाटलं असेल ते मी इथे लिहीत नाही.

तो खोटं बोलणारा काटा शाळेने मोडीत काढला तेव्हा बाईंनी घरी आणून ठेवला होता. ठमी आली आणि काट्याचं नशीब फळफळलं. "दर आठवड्याला दवाखान्यात कशाला जायचं?" बाई म्हणाल्या. "खोकणाऱ्या मुलांच्या गर्दीत तास-तास बसायचं? घरात दोन विज्ञानाचे शिक्षक आहेत." ताटलीवर टोपलं वगैरे काही नाही, नुसती उघडी ठमी, अंघोळीनंतर, प्यायच्या आधी. परिस्थिती दर वेळी सारखी पाहिजे म्हणे.

पहिल्यांदा बाईंनीच मोजलं. काटा तीन किलोवर गेला. सर मागे उभे होते. बाईंनी दोनशे वजा केले आणि आपल्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या आलेखाच्या कागदावर दोन किलो आठशेला ठिपका दिला. पेन्सिलीला आधी टोक काढलं, मग ठिपका. मला हसू आलं. वाटलं, माझ्या पोरीच्या आयुष्यातला पहिला आलेख.

मग बाईंची रजा संपली. ठमीची अंघोळ सकाळी उशिरा व्हायची, तोवर बाई शाळेत गेलेल्या असायच्या. म्हणून मोजायचं काम सरांकडे आलं. त्यांनी मोजायचं, आकडा ध्यानात ठेवायचा आणि संध्याकाळी बाई आल्या की सांगायचा. ठिपका देणं हा बाईंचा प्रांत. तिथे सर नाक खुपसायचे नाहीत, मीही नाही.

सरांनी पहिल्यांदा मोजलं त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी चप्पल काढता काढता विचारलं, "किती?" सर म्हणाले, "तीन किलो." बाई आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा कपाळाला आठ्या. "वाढ नाही," म्हणाल्या. "आठवडाभरात एक ग्रॅम नाही."

ठमी मांडीवर होती. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. गाल तर वर आले होते. मी म्हणाले, "बाई, पण मला ती जड लागते. उचलताना कळतं ना."

"हाताला काय कळतं?" बाई म्हणाल्या. रागाने नाही, घाबरून म्हणाल्या, हे मला आता कळतं. "हात थकला की सगळंच जड लागतं. म्हणून तर माणसाने काटा शोधला."

मी गप्प बसले. काय बोलणार! वजन हाताने करायचं नसतं हे मला त्यांनीच शिकवलं होतं. सरही म्हणाले, "मागच्या वेळीही तीनच होतं वाटतं." डॉक्टरीणबाईंना फोन झाला. त्यांनी काय करायचं, त्यांना जे सांगितलं त्यावर त्या बोलल्या. आठवडाभरात काहीच वाढ नसेल तर वरचं दूध थोडं सुरू करा.

सर त्याच संध्याकाळी पावडरचा डबा आणि बाटली घेऊन आले. आमच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. बाई चिमट्याने बाटली उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि मला शेगडीपासून हातभर लांब उभं करायच्या. सर ओट्यासमोर गुडघे टेकून बसायचे, बाटलीतलं पाणी डोळ्यांसमोर यावं म्हणून. पाण्याचा वरचा भाग मधे खोलगट असतो, त्याची खालची कड रेघेला टेकली पाहिजे. गुडघे कटकन वाजायचे, उठताना ओट्याला धरायचे, पण रेघेवर केसाएवढाही फरक चालायचा नाही. डब्यातला चमचा सुरीने सपाट करायचा. कोण म्हणेल या माणसांनी निष्काळजीपणा केला?

ठमीने पहिल्या बाटलीला तोंड वाकडं केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तिला कळलं की इथे कष्ट नाहीत, दूध आपोआप तोंडात येतं. पुढच्या आठवड्यात सरांनी आकडा सांगितला आणि बाई खोलीतून जवळजवळ पळतच बाहेर आल्या. "वाढली! दोनशे ग्रॅम वाढली!" त्यांनी ठमीचे मुके घेतले, मला जवळ घेतलं. आठवडाभर त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. मी हसले, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले. पोरगी वाढली याचा आनंद होता, आणि ती माझ्या दुधावर वाढली नाही, डब्याच्या दुधावर वाढली, हे पक्कं झालं होतं. कपाटाच्या दारावर ठिपक्याने सांगितलं होतं.

मग काय, जे लागू पडलं ते वाढवायचं. एका बाटलीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. बाई म्हणायच्या, "आधी बाटली, म्हणजे पोट भरेल, मग हवं तर अंगावर घे." पोट भरलेलं मूल कशाला ओढेल? दोन घोट घ्यायची आणि झोपून जायची. दूध घेणारं कुणी नाही म्हटल्यावर शरीरही हिशेब ओळखतं. डब्यातल्या घड्या तशाच राहायला लागल्या. शेजारचं बाळ रडलं तरी काही होईना. एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी कितीतरी दिवसांत ब्लाऊज बदलायला धावले नाही. बोलून काय सांगायचं? पुरत नव्हतं ते आटलं, एवढंच ना.

लस टोचायची वेळ आली तेव्हा मी आणि बाई ठमीला घेऊन दवाखान्यात गेलो. सिस्टरने तिला काट्यावर ठेवलं. "तीन किलो आठशे. छान वाढतेय की हो!"

"तीन सहाशे," बाई म्हणाल्या. कपाटावरचा शेवटचा ठिपका तेवढ्यावरच होता.

"आठशे. हे बघा ना."

"तुमच्या काट्यात खोट आहे. रिकामा असताना शून्य दाखवतो का?" आणि बाईंनी ठमीला उचलून माझ्याकडे दिलं आणि खरंच बघितलं. शून्य दाखवत होता. सिस्टर म्हणाली, "काटा नवाकोरा आहे हो, मावशी." मावशी म्हटलेलं बाईंना मुळीच आवडत नाही, पण त्या दिवशी त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

मला घरी सोडून त्या तशाच शाळेत गेल्या आणि प्रयोगशाळेतली पितळी वजनांची पेटी घेऊन आल्या. एक किलोचं वजन आमच्या काट्यावर ठेवलं. काटा एक किलो दोनशेवर गेला. "बघ," मला म्हणाल्या, "दोनशेच जास्त दाखवतो. पूर्वीसारखाच. याची काही चूक नाही." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, तुम्ही वाचताना डोळा समोर ठेवता ना?"

सर हातात बाटली घेऊनच बाहेर आले. दुखावले होते. "अगं, जन्म गेला माझा वाचनं घेण्यात, आणि मला विचारतेस? डोळा समोर ठेवतो, दोनशे वजा करतो आणि मग तुला सांगतो."

"काय करता?"

"दोनशे वजा करतो."

"तुम्ही करता?"

"मग काय कच्चा आकडा सांगू तुला?"

बाई खाली बघत होत्या. पितळी वजन अजून ताटलीवरच होतं. "मी पण करते," म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

सांगण्यासारखं एवढंच. पहिल्या आठवड्यात दोनशे एकदा वजा झाले, दुसऱ्यापासून दोनदा. त्या दुसऱ्या आठवड्यात काटा तीन किलो दोनशे दाखवत होता. सरांनी त्याचे तीन केले आणि बाईंनी पुन्हा दोन आठशे. सरांना मागच्या वेळचे तीन आठवत होते, ते काट्यावर बघितलेले, वजा न केलेले. ठमी त्या आठवड्यात चांगली दोनशे ग्रॅम वाढली होती. डबा यायच्या आधी. माझ्या दुधावर. पुढे ठिपके वर चढत गेले ते काही डब्याने चढवले नव्हते, ती तशीच वाढत होती. दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं नसतं. तिथे कुणीच वजा केलं नसतं, नाहीतर एकाने केलं असतं. दोघांनीही न चुकता वजा करायला आमचंच घर पाहिजे.

"बाई, मी म्हणाले होते," मी म्हणाले. "ती जड लागते, असं मी म्हणाले होते."

"हो गं," बाई म्हणाल्या. "म्हणाली होतीस."

मला वाटलं होतं, कधी माझी वेळ आली तर मी चांगलं झाडून घेईन. सहावीतली ती हजामत अजून लक्षात होती. लिहिणाऱ्याने वजा करायचं नाही, वाचणाऱ्यानेही नाही, शेवटी एकदाच, दोघांच्या डोळ्यांसमोर, तुमचाच नियम ना? सगळं जिभेवर आलं होतं. पण समोर बाई अशा बसल्या होत्या की मी नुसतं ते पितळी वजन ताटलीवरून उचलून पेटीत ठेवलं. सर बाटली कुठे ठेवावी ते न कळून तशीच धरून उभे होते. आणि ठमी माझ्या मांडीवर मजेत पाय झाडत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा लावून बघा, कधी कधी येतं परत. आम्ही बघितलं. बाईंनी रजा टाकली. गरम पाण्याचा शेक दिला, मला तास तास पाठीला टेकवून बसवलं, ठमीला भूक लागायच्या आधीच माझ्याजवळ आणून दिलं. ठमी पाठीची कमान करायची, लाल होऊन किंचाळायची आणि मान वळवून बाटली शोधायची. ती माझ्यापासून तोंड फिरवायची ना, तेव्हा वाटायचं, नको, बस झालं. शेवटी मीच म्हणाले, राहू द्या बाई.

लोक म्हणतात, मूल धडधाकट आहे ना, मग झालं तर. बाटलीवर काय मुलं वाढत नाहीत? वाढतात, छान वाढतात, मला माहीत आहे. नवराही तेच म्हणाला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून रविवारी रात्रीच्या गाडीने गेला. कुणाचं म्हणणं चुकीचं नाही. पण मला ते पाहिजे होतं. माझ्याजवळ होतं, आणि माझ्या हातांना बरोबर कळत होतं, आणि मी एकदा बोलून गप्प बसले. दुसऱ्यांदा बोलले असते तर? त्या काट्यासमोर उभं राहून म्हणाले असते की चला, पुन्हा मोजा, माझ्यासमोर? या विचारापाशी मी अजूनही रोज एकदा जाऊन येते.

काल संध्याकाळी बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. कपाटाचं दार उघडं होतं. जुना कागद काढून त्यांनी नवा लावला होता, आणि सगळे ठिपके पुन्हा दिले होते, दुसऱ्यापासून पुढचा प्रत्येक दोनशेने वर. रेघ सरळ चढत गेली होती. कुठे थांबली नव्हती.

"हा दुसरा बघ," त्या म्हणाल्या. बोट कागदावर ठेवलं ते उचललंच नाही. "यात डबा नाही. नुसतं तुझं. बघ कशी चढलीय." वर्गात एखाद्याचं बरोबर आलेलं उत्तर सगळ्यांना दाखवतात तसा आवाज होता, फक्त मधेच तुटत होता. "चुकलं माझं गं. शिकवत आले आणि घरात चुकले."

तेवढ्यात बाहेर ठमी रडायला लागली. भुकेचं रडणं. स्वयंपाकघरात सरांचे गुडघे वाजले, म्हणजे ते रेघ बघायला खाली बसले होते. माझा हात सवयीने छातीकडे गेला. बाईंचाही हात सवयीने कपाटातल्या त्या लेबलवाल्या डब्याकडे गेला, आणि त्यांनी एक घडी काढून माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली आणि त्यांचेच डोळे पुसले. माझा ब्लाऊज कोरडा होता.